देवकापसाचं बोंड

"बाई, एक पोर कमी भरतंय," अक्काताई म्हणाली.

"परत मोज."

"परतच मोजून आलोय."

चिंचेखाली पोरं गोल करून बसली होती. प्रत्येकापुढं केळीच्या पानाचा तुकडा आणि त्यावर गरम हुग्गी, म्हणजे आमच्याकडची गूळ घालून केलेली गव्हाची खीर. एका पानापुढं कुणी नव्हतं. हुग्गीवर माशी बसली होती. मी मोजत बसले नाही. कोण नाही ते मला न मोजताच कळलं. कस्तुरी नव्हती.

एवढ्या पोरांत नेमकी तीच.

ह्याला आता वीसेक वर्षं होऊन गेली. मी तेव्हा इचलकरंजीत आमच्या गल्लीतच बालवाडी चालवायचे आणि अक्काताई माझ्या मदतीला होती. आमची गल्ली मागांची. ह्या भिंतीपलीकडं माग, त्या भिंतीपलीकडं माग, दिवसरात्र खटखट, खटखट. भांडण नसलं तरी आमची माणसं भांडल्यासारखीच बोलतात. माझा आवाज तर मागाच्या वर जातो असं लोक म्हणायचे, आणि मला त्याचा अभिमान होता. बालवाडीत पोरं यायची ती केसांत कापसाचं पिंजर घेऊनच. एक दिवस मी सहज विचारलं, कापूस कुठून येतो रे? एकजण म्हणाला, टेम्पोतनं. दुसरा म्हणाला, बाचक्यातनं. असं टाळकं फिरलं माझं. कापडाच्या गावातली पोरं, आणि कापूस झाडाला लागतो हे ठाऊक नाही. त्याच दिवशी ठरवलं, पोरांना शेतावर न्यायचं.

शिरोळकडं बाबगोंडा मगदूम म्हणून शेतकरी होते, माझ्या भावाच्या ओळखीचे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांच्या बायकोनं, त्रिशला वहिनींनी, वातींसाठी दारात देवकापूस लावलेला होता. या की बाई, अण्णा म्हणाले, पोरास्नी गाय दाखवू, ऊस दाखवू, कापूस बी दाखवू.

सगळ्या आया तयार झाल्या. शालन झाली नाही.

शालन कांडी मशीनवर होती. मागाच्या धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायचं काम. कस्तुरी तिला लग्नानंतर फार वर्षांनी झालेली, एकुलती एक. त्यात आदल्या वर्षी पोरीला मेंदूज्वर झाला. सगळ्यांनी आशा सोडली होती आणि पोरगी परत आली. तेव्हापासून शालन तिला नजरेआड करत नव्हती. बालवाडीतसुद्धा शेजारच्याच खोलीत म्हणून पाठवायची.

"शेतात विहीर असती बाई," ती म्हणाली. "साप असतोय. माझ्यात आता दुसऱ्यांदा बघायची ताकद न्हाई."

"पोरीला किती दिवस गाठोड्यात बांधून ठेवणार आहेस?" मी म्हणाले. "जरा माती लागू दे हातापायाला. एक दिवस तरी त्या खटखटीतनं बाहेर काढ. मी आहे ना."

शेवटी सकाळी तिनं स्वतः पोरीला टेम्पोत चढवलं. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "तुमच्या नावावर पाठवतोय. तशीच परत आणून द्या."

आणि आता एका पानावर माशी बसली होती.

"शेवटची कुणी बघितली?" मी विचारलं.

कुणालाच सांगता येईना. कापसाच्या झाडापाशी होती, हे पक्कं. वहिनींनी प्रत्येकाच्या हातात एकेक बोंड दिलं तेव्हा कस्तुरीनं ते गालाला लावलेलं मला आठवत होतं. त्याआधी अण्णांनी पोरांना चिंचेखाली बसवून एक खेळ घेतला होता. म्हणाले, डोळे मिटा, आणि कशाकशाचा आवाज येतोय सांगा बघू. आमची पोरं बिचकली. एक तर रडायलाच लागलं, बाई हितं कायच वाजत न्हाई म्हणून. मग हळूहळू एकाला कावळा ऐकू आला, एकाला गाईच्या गळ्यातलं घुंगरू. कस्तुरीनं एक डोळा उघडून बाकीच्यांकडं बघितलं, सगळ्यांनी हात वर केले तसा तिनंही केला. "तुला काय ऐकू आलं गं?" अण्णांनी विचारलं. ती नुसती हसली. लबाड आहे, मी म्हणाले होते.

मग लाईट आली. शेतावर लाईट कधी यायची आणि कधी जायची त्याचा भरवसा नसायचा. म्हणून अण्णा पोरांना सोडून लगबगीनं गोठ्यामागं गेले आणि त्यांनी वैरण बारीक कापायचं कुट्टी मशीन सुरू केलं. मोटर धडधडायला लागली, पोरांचे चेहरे लगेच खुलले. आम्ही पानं मांडायला लागलो. तेवढ्यात ती गेली होती.

मी हाका मारत सुटले. कस्तुरी, ए कस्तुरी. घरात बघितलं, धान्याच्या खोलीत बघितलं, पडवीतल्या कॉटखाली बघितलं. अक्काताईनं बाकीची पोरं उचलून गोठ्यात नेली आणि फाटक लावून घेतलं, आणखी कुणी निसटायला नको म्हणून. गोठ्यामागं अण्णा उसाच्या वाड्याचे कवळे उचलून मशीनमध्ये घालत होते. वाडं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांना घालायचे, आणि कवळा म्हणजे एका मिठीत मावेल तेवढं. गोठ्याच्या भिंतीला लागून वाड्याचा माणसाएवढा ढीग होता. मी लांबूनच अण्णांना ओरडून सांगितलं. त्यांनी हातातला कवळा तिथंच टाकला आणि मशीनभोवती फिरून बघितलं. आधी पात्याच्या बाजूला वाकून बघितलं, तेव्हा माझे डोळे आपोआप मिटले.

"हितं न्हाई," ते म्हणाले. मग त्यांनी तिथंच उभं राहून दोनचार हाका मारल्या. मीही मारल्या, छाती फुटेस्तोवर. काही नाही. मशीन तसंच चालू सोडून ते उसाकडं धावले आणि मी त्यांच्या मागं.

ऊस तोडून झाला होता तेवढा भाग मोकळा होता, पण बाकीचा उभा होता आणि त्यात शिरायचं कुठून हेच कळेना. पाती हाताला कापत होती. अण्णा एका सरीतून, मी दुसऱ्या सरीतून. मी मनातल्या मनात शालनशी बोलत होते. अगं, आहे, सापडते आता. अगं, इथंच आहे.

"बाई," वहिनींची हाक आली. "हिकडं या."

त्या विहिरीच्या काठावर उभ्या होत्या. मोठी उघडी विहीर, एका बाजूनं दगडी पायऱ्या. दिवाळी नुकतीच झालेली, पाणी वरपर्यंत आलेलं. वहिनी खाली बोट दाखवत होत्या. पाण्यावर कापसाचा एक पांढरा पुंजका तरंगत होता.

मी काठावरच बसले.

अण्णांनी टोपी काढून वहिनींच्या हातात दिली आणि अंगातल्या कपड्यांसकट उडी टाकली. पाणी हललं, कापूस काठाला लागला. वहिनी टोपी छातीशी धरून उभ्या राहिल्या. अण्णा वर आले, दम घेतला, परत खाली गेले. मी पाण्याकडं बघत होते आणि मला काय दिसत होतं सांगू? मला गल्लीचं तोंड दिसत होतं. टेम्पो थांबतो, पोरं उतरतात, शालन एकेका पोराच्या तोंडाकडं बघत पुढं येते. मी तिला काय सांगणार होते? कापूस झाडाला लागतो ते दाखवायला नेली होती, हे सांगणार होते?

अण्णा वर आले. "हाताला काय लागत न्हाई. तळ लांब हाय." आणि पुन्हा बुडी मारली.

तेवढ्यात गोठ्याच्या फाटकातनं अक्काताई ओरडली. आमचीच बाई ती, तिचा आवाजही मागाच्या वर जाणारा.

"बाई, हितं निम्मी पोरं पेंगाय लागल्यात. काय करू?"

"आत्ता? ह्या वेळी?" मला भयंकर राग आला. इथं काय चाललंय आणि ही काय विचारतेय.

"त्या मशीनमुळं हो. भिंत हादरतीया, टेकली की झोपाय लागल्यात. घरच्यागत वाटतंय न्हवं त्यास्नी."

मी तोंड उघडलं होतं तिला झापायला. ते तसंच राहिलं.

आमच्या गल्लीत पोर झोपवायला अंगाई लागत नाही. माग लागतो. कांडी मशीनच्या खांबाला झोळी बांधायची आणि मशीन सुरू करायचं, पोर गपगार. पण लाईट गेली, माग थांबले, की गल्लीतली झाडून सगळी तान्ही दचकून उठतात आणि भोकाड पसरतात. बाहेरच्या माणसाला हे खरं वाटत नाही. आम्हाला त्यात काही विशेष वाटत नाही, इतकं ते रोजचं.

मी उठले. धावत सुटले ती गोठ्यामागं. वहिनी मागून आल्या.

"वहिनी, मशीन बंद करा."

"आत्ता ते कशाला बाई? ह्यांस्नी वर तरी येऊ दे."

"बंद करा म्हणते ना."

त्यांनी बटण दाबलं. मोटर थांबली, चाक मात्र फिरतच राहिलं, हळू हळू हळू. मी अक्काताईला ओरडून सांगितलं, कुणीही हाक मारायची नाही, पोरांना चूप बसव. चाक थांबलं. गाईनं मान हलवली, घुंगरू वाजलं. बाकी सगळं शांत. इतकं शांत मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. मी वाट बघत होते. वहिनी माझ्याकडं बघत होत्या, ह्या बाईचं डोकं फिरलं असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

काही झालं नाही. विहिरीकडं पाणी खळबळल्याचा आवाज आला.

मग वाड्याच्या ढिगात काहीतरी हललं.

"आई," ढिगातून आवाज आला, झोपेतला आणि खूप मोठा. "लाईट गेली काय?"

मी आणि वहिनी दोघी त्या ढिगावर तुटून पडलो. शेंडे उपसले, फेकले. भिंत आणि ढीग ह्यांच्या मधल्या जागेत, भिंतीला पाठ लावून कस्तुरी बसली होती. केसांत वाडं, गालावर उसाच्या पात्यांचे वळ, मुठीत देवकापसाचं बोंड. अर्धं उकललेलं, अर्धा कापूस कुठंतरी उडून गेलेला. मी तिला मारायला हात उचलला आणि त्याच हातानं उराशी धरली. रडले मी. लाज कसली, मोठ्यानं रडले. ती माझ्या तोंडाकडं बघून घाबरली.

अण्णा आले, नखशिखांत निथळत. पोरगी बघितली आणि हात जोडले. मग त्यांची नजर ढिगाकडं गेली. समोरच्या बाजूनं त्यांनी किती वाडं उचललं होतं आणि किती उरलं होतं ते त्यांनी बघितलं. ते खालीच बसले.

"पुढचा कवळा मी हितनंच घेनार हुतो," ते म्हणाले. "बघत न्हाई ओ बाई मी. हाताला सवय असती. हात फिरला की उचलायचं आन् घालायचं."

वहिनींनी त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. अक्काताईनं पोरं बाहेर काढली, पुन्हा पानं मांडली. पण अण्णा तिथंच बसून होते, ढिगाकडं बघत.

"पर बाई," ते म्हणाले, "मी हितंच हुबा राहून हाका मारल्या की. तुमीबी मारल्यासा."

"गाढ झोपली असेल."

"हाताच्या अंतरावर? तुमच्या आवाजानं?"

"मशीन चालू होतं ना अण्णा."

"मशीनवर तुमचा आवाज मला ऐकू आला की. त्याशिवाय का धावलो मी?"

"झालं ना आता, सापडली ना," मी खेकसले. एवढा माणूस माझ्यासाठी विहिरीत उतरला आणि मी त्याच्यावर खेकसले. कारण ते म्हणत होते ते मलाही कळत होतं आणि मला ते कळायला नको होतं.

पोरं हुग्गी खात होती. कस्तुरी आपल्या पानावर बसून बोटं चाटत होती. मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, "कस्तुरी." शेजारची दोन पोरं वळली. ती नाही. मी मोठ्यानं म्हणाले. सगळी पोरं वळली. ती खातच होती. वहिनींच्या हातात पितळी ताट होतं, ते मी घेतलं आणि तिच्या पाठीमागं पळीनं वाजवलं. पोरं दचकली, एकाच्या हातातला घास पडला. तिनं बोट चाटलं. मग समोरची पोरं मागं कुणाकडं बघतायत हे बघून तिनं मान वळवली आणि मला बघून हसली. सकाळी हसली होती तशीच.

मी ताट वहिनींना परत दिलं.

पुढं शालननं तिला मिरजेला नेलं, तपासण्या झाल्या, कानाला यंत्र आलं. तापानं ऐकणं नेलं होतं. वेळेत कळलं म्हणून हिचं बोलणं राहिलं, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाहीतर होते तेही शब्द विसरली असती. कस्तुरी आज कापडाच्या दुकानात हिशेबनीस आहे आणि माझ्याशी वाद घालायचा कंटाळा आला की यंत्र काढून टेबलावर ठेवते. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मला फक्त शालनपर्यंत जायचं होतं, आणि परतीच्या टेम्पोत पोरगी माझ्या मांडीवर झोपली होती आणि मला तिचं ओझं पेलत नव्हतं.

शालन गल्लीच्या तोंडावर नव्हती. तिची कामाची पाळी संपायची होती. मी पोरीचा हात धरून कारखान्यात गेले. आठ माग आणि कोपऱ्यात दोन कांडी मशिनं, सगळी चालू. शालननं लांबूनच बघितलं, हातानं खूण केली, जेवली? कस्तुरीनं खुणेनं सांगितलं, जेवले. तिथं सगळे असेच बोलतात, हातानं नाहीतर ओठांकडं बघून. दुसरा इलाजच नसतो.

"मुकादमाला सांग, माग थांबवा थोडा वेळ," मी तिच्या कानात ओरडले.

"काय झालं?"

"थांबवा म्हणून सांग."

माझा चेहरा बघून ती मुकादमाकडं गेली. माग एकेक करून थांबले. कामगार आमच्याकडं बघायला लागले. मी जे झालं ते सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. पोरगी हरवली होती, विहीर, ढीग, सगळं. शालन पांढरी पडली, मग लाल झाली. मला वाटलं आता ही मला मारते, आणि मारलं असतं तरी मी काही बोलले नसते. मग मी दुसरं सांगितलं.

"खुळ्या का काय तुम्ही?" ती म्हणाली. "माझ्या पोरीला ऐकू येत न्हाई? स्वतःची चूक झाकायला आता पोरीला नाव ठेवताय? मी बोलावलं की येती ती. एका हाकेत येती."

"मग बोलाव."

कस्तुरी आमच्याकडं पाठ करून जमिनीवर बसली होती, बोंडातून कापूस ओढून काढत होती. शालननं माझ्याकडं रागानं बघितलं आणि जमिनीवर पाय आपटला. जोरात, दोनदा. कस्तुरी लगेच वळली. शालननं विजयानं माझ्याकडं बघितलं.

"बघा," ती म्हणाली.

कस्तुरी पुन्हा आपल्या कापसाकडं वळली. मी शालनच्या पायाकडं बघत होते.

"पाय नको, शालन," मी म्हणाले. "तोंडानं बोलाव."

"तोंडानं कशाला? हितं कोण तोंडानं..." ती म्हणाली आणि तिथंच थांबली.

मग तिनं हाक मारली. "कस्तुरे." जरा मोठ्यानं, "ए कस्तुरे." मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. मागापाशी उभे असलेले कामगार एकमेकांकडं बघत नव्हते. पुढच्या हाकेला तिचा आवाज फाटला. पोरीनं कापसातली काळी बी काढली, निरखून बघितली आणि जमिनीवर मांडली.

शालननं पाय उचलला होता. तो तिनं अलगद खाली ठेवला. चालत गेली, पोरीला वळसा घातला आणि तिच्या समोर जाऊन जमिनीवर बसली. आई दिसल्यावर कस्तुरीनं मूठ पुढं केली.

"आई, बघ," ती मोठ्यानं म्हणाली, "ह्ये झाडाला लागतंय."